गिब्सन गिटार आणि आपली शिसव

१९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच पुढे सेवाग्राम झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलामझू या गावी, गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेवर वाजणारी गिटार बाजारात आणली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु कच्चा माल कोणाचा आणि पक्का माल कोणाच्या घरी, हा जो प्रश्न त्या काळी वर्ध्यात पुनःपुन्हा विचारला जात होता, तो या वाद्यालाही विचारण्याजोगा आहे.

ईएस-१५० ची रचना साधी होती. पोलादी तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार कंप पावली की वेटोळ्यात वीज उत्पन्न व्हावी आणि तिचा ध्वनी यंत्राने मोठा करावा. गिटार, ध्वनिवर्धक व जोडतार मिळून किंमत सुमारे १५० डॉलर, म्हणून नावात तो आकडा. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णी वादकाने १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात ती वाजविली आणि मागे बसून ताल धरणारे हे वाद्य पुढे आणून बसविले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला.

या गिटारींना एक खोड होती. विजेच्या दिव्यांची व यंत्रांची गुणगुण त्या वेटोळ्यात शिरे आणि सुरांबरोबर ऐकू येई. सेथ लव्हर या गिब्सनच्या तंत्रज्ञाने उलट दिशेची दोन वेटोळी शेजारी-शेजारी बसवून ती परस्परांकडूनच नाहीशी केली. १९५७ पासून लेस पॉल या गिटारीवर ही युक्ती आली. ट्यूबलाइटचा चोक डोक्यावर घोंगावत असता ज्याने सभागृहात गिटार वाजविली आहे, त्याला या शोधाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. याच गिटारीचा मान मागे कललेला असतो. पडली की ती बहुधा तेथेच मोडते, हे तिचे मालक जगभर जाणून आहेत.

आता लाकडाकडे वळू. ज्या पट्टीवर वादकाची बोटे फिरतात ती पूर्वी ब्राझीलच्या शिसवीची असे. ते लाकूड दुर्मीळ होऊ लागले तेव्हा, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, गिब्सन भारतीय शिसवीकडे वळली. हे लाकूड मुख्यतः दक्षिणेकडील जंगलांतून जाई. पण तोच वृक्ष आपल्या विदर्भातही उगवतो आणि जुन्या घरांतून शिसवी पलंग व पेट्या आजही आढळतात. हिंगणघाटचा कापूस विलायतेस जाई आणि कापड होऊन परत येई. शिसव गेली ती मात्र परत आली नाही. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर परवान्यांचा कडक पहारा बसला. बोटीवर नोकरी करणारा एखादा गोवेकर नातलग, किंवा परत जाताना वाद्य विकून जाणारा परदेशी वादक, एवढेच काय ते मार्ग. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली.

मधल्या काळात आपल्या लोकांनी काय केले? लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबातील व्हॅन शिपली मुंबईस आले आणि त्यांनी स्वतःच आठ तारांची विजेची गिटार घडविली. तिला कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. कोलकात्यात 'गिव्सन' नावाच्या गिटारी होऊ लागल्या. एका अक्षराचा फरक ठेवून केलेले ते नामकरण पाहून हसू येते, पण आपल्या कितीतरी मुलांचे पहिले सूर तिच्यावरच उमटले. चर्चमध्ये तिला प्रवेश द्यावा की नाही यावर त्यांना वाडवडिलांशी वादही घालावा लागला. केवळ लौकिक संगीतास योग्य अशी वाद्ये उपासनेपासून दूर ठेवावीत, असे १९६७ च्या 'मुसिकाम साक्रम' या रोमच्या निर्देशपत्रात होते. गिटार लौकिक की पवित्र, हे ज्याने त्याने आपल्या धर्मगुरूच्या मुद्रेवरून ओळखावे!

पुढील प्रसंग तर विलक्षणच. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल व मेम्फिस येथील कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेल्या शिसवी व आबनुसी पट्ट्या जप्त केल्या. आरोप असा, की असे अर्धवट घडविलेले लाकूड निर्यात करण्यास भारताच्याच कायद्याची मनाई आहे. म्हणजे आपल्या कारागिराच्या पोटासाठी केलेला नियम परक्या न्यायखात्याने वाचून दाखविला. पुढील वर्षी तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाच्या जुन्या प्रकरणासह सर्व मिटवून कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय कायद्याचा अर्थ अस्पष्ट असल्याचे मान्य होऊन आपले लाकूड कंपनीस परत मिळाले. २०१७ पासून शिसवीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली.

आज पैसे मोजणाऱ्यास वर्ध्यातही लेस पॉल मागविता येते. नवी घ्यावयाची तर किंमत भारी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की लाकूड आकसते, पट्टीच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची टोके बोटांना टोचू लागतात. अशा वेळी माझे एक वादक मित्र तारा उतरवितात आणि फडक्यावर थेंबभर जवसाचे तेल घेऊन ती काळसर शिसव हलक्या हाताने पुसत बसतात.