वरातीमागून आलेलं औषध

माझ्या मावसभावाला त्याच्या धाकट्या भावाचा बोन मॅरो दिला, तेव्हा खाला आणि मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो. भावाभावांची जुळणी अर्धीच झाली होती. दुसऱ्या रात्री ताप चढला. डॉक्टर म्हणाले, तपासण्या पाठवल्यात. पण सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस ठरल्याप्रमाणे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीच, एक तासही अलीकडे नाही. खाला माझ्यावरच चिडली. "बेटा, परक्या पेशी अंगात गेल्या, आत भांडण सुरू झालं, आणि भांडण थांबवायचं औषध आता देणार? आधी नको होतं का?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरातीमागून घोडं, एवढंच मनात आलं आणि ते मी गिळलं. उत्तर नंतर वाचून सापडलं. ते सशांच्या आणि उंदरांच्या पिंजऱ्यांतून आलेलं आहे.

सुरुवात एका शिक्षिकेपासून करते, तेवढी मुभा मला असावी. गर्ट्रूड एलियन न्यूयॉर्कच्या शाळांत काही काळ रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवत. बाई म्हणून त्यांना प्रयोगशाळेत जागा मिळत नव्हती. १९४४ साली बरोज वेलकम कंपनीत त्या जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागल्या आणि तिथे ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध तयार झालं. पीएचडी त्यांची शेवटपर्यंत झाली नाही. १९८८ साली नोबेल मात्र मिळालं. हे औषध होतं रक्ताच्या कर्करोगावर, वेगाने वाढणाऱ्या पेशी मारण्यासाठी.

बोस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ या तरुण डॉक्टरला एक साम्य खटकलं. शरीरात परकी वस्तू शिरली की प्रतिकार करणाऱ्या पेशी फुगतात, भराभर दुणावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेट ल्युकेमियाच्या पेशींसारख्या दिसतात. मग ल्युकेमियाचं औषध त्यांनाही मारेल का? विल्यम डॅमशेक यांच्यासोबत त्यांनी सशांना परकं प्रथिन टोचलं आणि त्याच वेळी ६-मर्कॅप्टोप्युरिन सुरू केलं. सशांनी अँटिबॉडी केल्याच नाहीत. औषध बंद केल्यानंतरही तेच प्रथिन पुन्हा दिलं तर ससे गप्प. दुसरं प्रथिन दिलं तर मात्र नेहमीसारखा प्रतिसाद. १९५९ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. अख्खी प्रतिकारशक्ती न दडपता फक्त एका परक्याची ओळख पुसता येते, असा त्याचा अर्थ होता. रॉय काल्न यांनी लगेच कुत्र्यांच्या मूत्रपिंड रोपणात हे औषध वापरलं. तो इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, म्हणून इथे सोडते.

मला जास्त गुंतवलं ते वेळेच्या प्रश्नाने. शिकागोत विल्यम आणि ल्युसी टॅलिआफेरो या पतीपत्नींनी सशांवर क्ष-किरण वापरून पाहिले होते. किरण आधी आणि परक्या पेशी नंतर टोचल्या, तर अँटिबॉडी दबत. क्रम उलटा केला तर किरणांचा प्रभाव फारसा उरत नसे. म्हणजे खालाचं म्हणणं किरणांच्या बाबतीत बरोबर होतं!

औषधांचं गणित वेगळं निघालं. लंडनच्या मॉरिस बेरेनबॉम यांनी १९६० च्या सुमारास उंदरांना टायफॉइडची लस दिली आणि पेशीमारक औषधं वेगवेगळ्या दिवशी देऊन पाहिली. औषध तेच, उंदीर तसेच, बदलला तो फक्त वार. यातली अनेक औषधं लसीच्या आधी दिली तर निष्प्रभ ठरत. लसीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दिली तर जबर लागू पडत. १९६३ साली त्यांनी ब्राउन यांच्यासोबत परक्या कातडीचे तुकडे उंदरांवर लावले. नंतरच्या काही दिवसांत सायक्लोफॉस्फमाइडचा एकच डोस दिला, तर ती कातडी जास्त दिवस टिकली.

कारण ऐकायला सोपं आहे. परक्याला ओळखणाऱ्या पेशी आधी लाखोंच्या गर्दीत शांत झोपलेल्या असतात. वाढणाऱ्यालाच पकडणारं औषध तेव्हा कुणाला पकडणार? परका दिसल्यावर त्याच तेवढ्या जाग्या होतात, दुणावू लागतात आणि उघड्या पडतात.

आधी दिलेलं औषध नुसतं वाया जातं असंही नाही. श्वार्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेत १९६६ साली सशांना ६-मर्कॅप्टोप्युरिन आधी देऊन थांबवलं, मग प्रथिन टोचलं, तेव्हा अँटिबॉडी नेहमीपेक्षा जास्त झाल्या. पुढच्या वर्षी गिनीपिगांत आधी दिलेल्या सायक्लोफॉस्फमाइडने त्वचेची ॲलर्जी वाढली. दाबायला दिलेलं औषध चुकीच्या दिवशी चिथावणी देतं, हे वाचताना दवाखान्यातला तो "एक तासही अलीकडे नाही" पुन्हा ऐकू आला.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लुझनिक, ओडॉनेल आणि फुक्स यांनी हे सगळं आधी उंदरांत, मग अर्ध्या जुळणीच्या रुग्णांत उतरवलं: तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या वाचतात. अलीकडच्या उंदरांवरच्या कामातून दिसतंय की भांडखोर पेशी सगळ्याच मरत नाहीत. काही नुसत्या लुळ्या पडतात आणि आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी पुढे येतात. म्हणजे वर सांगितलेलं सोपं कारण अपुरं आहे.

आणि तो ताप? अर्ध्या जुळणीत या दिवसांत असा ताप नेहमीचा. संसर्ग नसला तर तो त्या पेशी जाग्या झाल्याचीच खूण असतो. म्हणूनच त्यांना झोपवणाऱ्या बाकीच्या गोळ्या पाचव्या दिवसापर्यंत रोखून धरतात.

हे सगळं मी खालाला खूप नंतर, घरी चहा पिताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या रात्री डॉक्टरांनी हे एवढंच का नाही सांगितलं?"