कुत्र्याच्या अंगावर गाठ किंवा फोड दिसला? डॉक्टरकडे कधी न्यावं?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीतल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो जगभर पोहोचले. एका कारखान्यातल्या निळ्या रंगामुळे त्यांचे केस रंगले होते. प्राणीमित्रांच्या तक्रारीनंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. निळा रंग लांबूनही दिसला, म्हणून त्याची दखल घेतली गेली. केसांखालची गाठ मात्र हात फिरवल्याशिवाय सापडत नाही.

हे फोड कशाचे असू शकतात?

गोचीड: रक्त पिऊन फुगलेला गोचीड मसासारखा दिसतो. नीट पाहिल्यास कातडीजवळ त्याचे पाय दिसतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. रॉकेल लावू नये. नंतर ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या तर गोचीड ताप असू शकतो.

गांधी: कीटक चावल्यावर किंवा ॲलर्जीमुळे अंगावर अचानक उठतात.

गळू: चावा किंवा जखमेत पू साचून होतं. गरम लागतं, दुखतं.

चामखीळ: लहान पिल्लांच्या तोंडात आणि ओठांवर येते. बहुतेक वेळा आपोआप जाते.

चरबीची गाठ: वयस्कर कुत्र्यांत आढळते. मऊ असते, कातडीखाली सरकते. सहसा निरुपद्रवी.

कर्करोगाची गाठ: मास्ट सेल ट्यूमर दिसायला साध्या फोडासारखा असू शकतो आणि कमी-जास्त फुगतो. मादीच्या सडांजवळची गाठ कधीही अंगावर काढू नये.

टीव्हीटी: भटक्या कुत्र्यांत बराच दिसणारा, समागमातून पसरणारा कर्करोग. जननेंद्रियावर फ्लॉवरसारखी, रक्त येणारी वाढ दिसते. व्हिनक्रिस्टिन इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री बरी होतात.

पोटावर दोन रांगांत सारख्या अंतरावर असलेले उंचवटे हे सड असतात. ते नरालाही असतात. त्यांना गोचीड समजून ओढू नये.

ताबडतोब कधी न्यावं?

- तोंड सुजलं आणि श्वास घ्यायला त्रास होतोय
- फोड फुटून रक्त, पू किंवा दुर्गंधी येतेय, जखमेत अळ्या आहेत
- ताप आहे, खाणं बंद आहे

काही दिवसांत कधी न्यावं?

- गाठ १ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे किंवा महिनाभर गेलेली नाही
- ती वाढतेय, रंग बदलतोय किंवा हलत नाही
- कुत्रा ती सतत चाटतो किंवा खाजवतो

डॉक्टर काय करतात?

नुसतं बघून किंवा दाबून गाठ साधी की कर्करोगाची, हे खात्रीने सांगता येत नाही. बारीक सुईने थोड्या पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यासाठी बहुतेकदा भूल द्यावी लागत नाही.

घरी काय करावं?

आठवड्यातून एकदा कान, काखा, पंजे आणि शेपटीखाली हात फिरवावा. गाठ सापडली तर शेजारी नाणं धरून फोटो काढावा आणि तारीख लिहावी. पुढच्या वेळी ती वाढली का, ते लगेच कळतं. गाठ पिळू नये, दोऱ्याने बांधू नये. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत, त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

भटका कुत्रा असेल तर स्वतः पकडू नये. फोटो आणि नेमकी जागा स्थानिक प्राणी संस्थेला कळवावी.