भायखळा-परळ, १९३७

माझं ऑफिस लोअर परळला आहे. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. रोज तिथे जातो-येतो, पण आपण नक्की कुठे बसून कोड लिहितोय याचा विचार कधी केला नव्हता. गेले दोन-तीन वीकेंड मात्र डोक्यात एकच विषय आहे, मुंबई प्रांताच्या विधानसभेचा जुना मतदारसंघ : 'मुंबई शहर (भायखळा व परळ)'. त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण डॉ. आंबेडकर १९३७ साली इथूनच निवडून आले होते.

हे सगळं सुरू झालं आजोबांच्या एका वाक्यावरून. ते सांगेन, पण शेवटी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना बऱ्यापैकी स्वायत्तता मिळाली आणि मुंबई प्रांताला १७५ जागांची विधानसभा. आता हे १७५ म्हणजे १७५ भौगोलिक तुकडे असतील असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. जमीन एकच, पण तिच्यावर नकाशे अनेक, एकावर एक ठेवलेले! (आमच्या भाषेत, लेयर्स.) ११४ जागा 'सर्वसाधारण', त्यातल्या १५ अस्पृश्य वर्गासाठी राखीव, आणि हे राखीवपण आलं १९३२ च्या पुणे करारातून. मुसलमानांच्या २९ जागा वेगळ्या. युरोपियन, अँग्लो-इंडियन, हिंदी ख्रिश्चन यांच्या वेगळ्या. शिवाय व्यापारी, जमीनदार, कामगार, विद्यापीठ, स्त्रिया. त्यामुळे भायखळ्याच्या एकाच इमारतीत राहणारे शेजारी वेगवेगळ्या मतदारसंघांत मत देत. मुसलमान शेजाऱ्याचा उमेदवार वेगळा, ख्रिश्चन शेजाऱ्याचा वेगळा. पारशी आणि ज्यू मात्र हिंदूंबरोबर 'सर्वसाधारण' यादीत. आणि मत होतंच किती जणांना? कर, मालमत्ता, भाडं, शिक्षण अशा अटींतून पार पडेल त्यालाच.

आता भायखळा-परळ. हा सर्वसाधारण मतदारसंघ, पण जागा एकाहून जास्त आणि त्यातली एक राखीव. राखीव जागेचा उमेदवार अस्पृश्य समाजातला, पण मत देणार सर्वसाधारण यादीतले सगळे. पुणे कराराची हीच तर गोम होती. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. उमेदवार तुमचा, पण त्याला निवडायचं की नाही हे ठरवताना बहुसंख्य मतं दुसऱ्यांची.

परळ हा आंबेडकरांचा घरचा भाग. पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ काढला होता. बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होतं. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतः इथून उभे राहिले.

काँग्रेसने त्यांच्यासमोर उभं केलं कुणाला? बाळू पालवणकरांना! तेच ते, डावखुरे फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे. चर्मकार समाजातले बाळू एकेकाळी पुण्यात खेळायचे तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कुल्हडमधून मिळायचा. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. ते मिळालं १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला. तरुण आंबेडकरांना या माणसाचं मनापासून कौतुक होतं. आणि पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ मध्ये साठी ओलांडलेले बाळू काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. मला या निवडणुकीतली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट हीच. दोघांतला कुणीही हरला तरी वाईटच वाटणार.

आकडे असे : आंबेडकर १३,२४५, पालवणकर ११,२२५. फरक जेमतेम २,०२० मतांचा.

इथे एक तांत्रिक तपशील सांगतो, थोडं सहन करा. मुंबई प्रांतात तेव्हा 'संचित मत' पद्धत होती. जितक्या जागा तितकी मतं तुमच्या हातात, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. म्हणजे संख्येने कमी पण एकजूट असलेला गट आपलं माणूस निवडून आणू शकतो. २,०२० च्या फरकात या नियमाचा हात किती, हे मोजता येत नाही. पण अशा चुरशीत तो कामाला आला असणार, असं मला वाटतं.

प्रांतात काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या आणि जुलैत बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. भायखळा-परळच्या आमदारांनी सप्टेंबरात कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयक आलं, संपावर बंधनं घालणारं. त्याच्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला, आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. एरवी ज्यांचं पटत नसे ते निळे आणि लाल त्या दिवशी बरोबर.

१९४६ पर्यंत चित्र पालटलं. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा त्या प्रांतिक निवडणुकीत धुव्वा उडाला आणि संविधान सभेवर जायला त्यांना थेट बंगालची वाट धरावी लागली. १९५२ ला सगळ्यांना मताधिकार आला, जुने मतदारसंघ गेले. भायखळा-परळचा इतिहास इथे संपतो.

पण आजोबांचं वाक्य राहिलंय ना.

आजोबा नायगावचे, गिरणीकामगार, पक्के लालबावटावाले. ते अभिमानाने सांगायचे, "बावन्न साली मी एक मत कुजवलं होतं!" लहानपणी मला वाटायचं कुजवलं म्हणजे काय, भाजी आहे का? आता कळलं. १९५२ ला उत्तर मुंबई शहराच्या लोकसभा मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेला कॉम्रेड डांगे उभे, आणि प्रचार असा की एक मत डांग्यांना द्या, दुसरं कुजवा. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकली तर दुसरं बाद, कारण १९३७ चा संचित मताचा नियम आता राहिला नव्हता. अशी एकूण ७४,३३३ मतं बाद झाली. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतांनी निवडून आले. आंबेडकरांना मिळाली १,२३,५७६. निवडणूक याचिका झाली, निकाल काही बदलला नाही. डांगे स्वतःही पडले, ते वेगळंच.

सगळी बाद मतं आंबेडकरांना गेली असती असं कुणी म्हणणार नाही. काही त्यांच्याच लोकांनीही आपल्या माणसाला दोन्ही देऊन बाद केली असतील. पण आजोबांचं मत कुठे जाऊ शकलं असतं आणि का गेलं नाही, हे मला आता माहीत आहे. १९३८ च्या संपाच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. मोर्च्याला गेले होते, हेही तितक्याच अभिमानाने सांगायचे. दोन्ही गोष्टी एका दमात.

१९५५ मध्ये भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात आंबेडकरांनी अल्पसंख्याकांसाठी एक उपाय सुचवला : बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचित मत. म्हणजे भायखळा-परळचाच नियम. तो काही परत आला नाही, उलट १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघसुद्धा बंद झाले.

आजोबांना हे विचारायचं राहून गेलं. ते २००४ मध्ये गेले.