नोंदवहीतली कोरी पानं

पासपोर्टच्या कामासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती, म्हणून 2019च्या जूनमध्ये मी शाळेच्या कार्यालयात गेले होते. कारकून काका जुनं रजिस्टर शोधत होते. तेवढ्यात कपाटाच्या खालच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची एक वही बाहेर आली. वर पांढऱ्या रंगात काढलेलं त्रिदल. आपल्या गाईड पथकाची नोंदवही! पहिलं पान जुलै 1984चं, बाईंच्या टपोऱ्या अक्षरातलं. शेवटची नोंद 22 फेब्रुवारी 1999, चिंतन दिन: ध्वजवंदन, प्रार्थना, हजर 27. त्यापुढे कोरी पानं, चांगली पन्नास-साठ.

त्या वर्षी मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या, हे आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. पथक बंद करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये शनिवारी शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं, एवढंच.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाली. इतिहास हा माझा विषय नव्हे. सनावळ्यांवरून सरांची बोलणी खाल्लेल्यांत माझा नंबर वरचा होता. पण एखादी चाललेली गोष्ट अशी आवाज न करता कशी थांबते, या प्रश्नाने मला सोडलं नाही. वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की या चळवळीचा आपल्याकडचा इतिहास मुलांपेक्षा मोठ्या माणसांचा जास्त आहे. कुणीतरी मोठं माणूस आपला वेळ घेऊन उभं राहिलं, की मुलं जमली. ते उठून गेलं, की पांगली.

देशातलं पहिलं स्काऊट पथक 1909 मध्ये बंगलोरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढलं. त्यानंतर 1910 आणि 1911 या दोन वर्षांत जी मोजकी पथकं निघून लंडनच्या मुख्यालयात नोंदली गेली, त्यांत सिमला, मद्रास, जबलपूर यांच्याबरोबर आपल्या ओळखीची दोन नावं आहेत: खडकी आणि लोणावळा. लोकलने रोज जाणाऱ्यांनी हा मार्ग डोळ्यांसमोर आणावा. एका टोकाला खडकी, म्हणजे लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना. दुसऱ्या टोकाला घाटमाथ्यावरचं, रेल्वेच्या वस्तीचं लोणावळा. मधे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही तेव्हाची शेतकऱ्यांची गावं. पथकं दोन्ही अंगांना होती, पण या मधल्या गावांतल्या एकाही मुलाला त्यांत जागा नव्हती. ती फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. मुलींची गाईड चळवळ 1911 मध्ये जबलपूरला सुरू झाली, तीही याच अटीवर.

देशी मुलांना संघ करून राहणं, खुणा ओळखणं, माग काढणं शिकवलं तर ती पुढे काय करतील, याची सरकारला धास्ती होती. चिंचवडच्या माणसाला या धास्तीचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी 1895च्या सुमारास पुण्यात तरुणांना व्यायाम आणि लष्करी धर्तीचं शिक्षण देणारं मंडळ काढलं होतं. 22 जून 1897च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रौलट समितीच्या 1918च्या अहवालातही या मंडळाची दखल आहे. खडकीच्या पथकाचा आणि चापेकरांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी जवळच्याच गावातल्या तरुणांनी काय केलं हे छावणीतले साहेब विसरले असतील, असं मला वाटत नाही. चापेकर वाड्यावरून शाळेत जाताना आपण यातलं काहीच मनात आणलं नव्हतं.

दार बंद म्हटल्यावर लोकांनी वेगळी घरं बांधली. पंडित श्रीराम वाजपेयी यांनी 1913 मध्ये शाहजहानपूरला भारतीय मुलांचं पथक काढलं. अ‍ॅनी बेझंट यांनी 1916च्या सुमारास मद्रासला स्वतंत्र संघटना उभी केली. तिथल्या मुलांच्या डोक्यावर टोपाऐवजी फेटा होता आणि शेकोटीला गाणी इथली होती. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी वाजपेयींना बरोबर घेऊन अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संघटना चालवली. बेडन-पॉवेल 1921 मध्ये भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली, सेवा समितीची झाली नाही. पुढे भारतीयांच्या भाषेत ‘ऑनर’ला शब्दच नाही, अशा अर्थाचं काही बेडन-पॉवेल बोलले आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना वेगळी उभी राहिली. अब्रू, मान, इभ्रत, शब्द देणं, शब्द पाळणं... आपल्या आजीला विचारलं असतं तरी तिने पाच-सहा शब्द एका दमात सांगितले असते.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटला तो नागपूरचा एक वकील, व्हिव्हियन बोस. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्याआधी वकिली आणि लॉ कॉलेजचं काम सांभाळून त्यांनी मध्य प्रांतातल्या स्काऊट संस्थेचं चिटणीसपद वर्षानुवर्षं निभावलं. कोर्टातून आल्यावर मुलांच्या शिबिरांचे कागद बघणारा हा माणूस. ‘आठवडाभर काम असतं हो, शनिवारी कसं जमणार’ असं मी म्हणायला लागते, तेव्हा त्यांची आठवण काढते. नेहमी उपयोग होतोच असं नाही.

या चळवळीत मोठ्यांनी नेमकं करायचं काय, हे मात्र पहिल्याच शिबिरात ठरलं होतं. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांना आठवडाभर नेलं. त्यांत ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली मुलं होती आणि पूल, बोर्नमथ या गावांतली कष्टकऱ्यांची मुलंही. त्यांना वेगवेगळं न ठेवता चार संघांत मिसळलं, प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला आणि रोजचा कारभार त्याच्यावर सोपवला. मोठ्यांनी शिकवायचं, लक्ष ठेवायचं आणि मागे उभं राहायचं. (मुलींना यात धरलंच नव्हतं. 1909च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात काही मुली ‘आम्हीही स्काऊट’ म्हणत हजर झाल्या, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी गाईड चळवळ निघाली.)

हे वाचलं आणि मला आपलं 1992-93चं पथक आठवलं. कंपनीच्या कॉलनीत साहेबांचे बंगले एका बाजूला आणि कामगारांच्या चाळवजा इमारती दुसऱ्या बाजूला. वर्गात सगळे एकत्र बसायचो, पण डबा खाताना नकळत दोन घोळके व्हायचे. आमच्या गुलाब संघाची नायिका होती ती फाउंड्रीतल्या कामगाराची मुलगी आणि मी इंजिनिअरची. तंबूच्या दोरीला मी मारलेली क्लोव्ह हिच सुटली, की ती सगळ्यांसमोर पुन्हा बांधायला लावायची. घरी येऊन मी आईकडे कुरकुर केली होती. बाईंकडेही केली. बाई म्हणाल्या, “गाठ सुटली ना? मग बांध.” यापलीकडे त्या मधे पडल्या नाहीत. मागे उभं राहणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही. बाई लक्ष देत नाहीत असंच वाटलं होतं.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ या नावाखाली एकत्र आल्या, पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाईड्सही त्यात आल्या. पचमढीचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र 1956चं. आपल्या भागात त्याच सुमारास कारखाने येत होते. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1966 मध्ये टेल्को. कॉलन्या वसल्या, शाळा निघाल्या आणि शाळांतून पथकं.

त्याच 1966 सालची दुसरी एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. जगभरच्या गाईड्सची मोजकीच जागतिक केंद्रं आहेत. स्वित्झर्लंडमधलं 1932चं, मेक्सिकोतलं 1957चं. आशियातलं केंद्र पुण्याला आहे: आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या पुढे, ‘संगम’. 16 ऑक्टोबर 1966 रोजी लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बाईंनी 1994च्या जानेवारीत आम्हाला पीएमटीच्या दोन बसेस बदलून तिथे नेलं होतं. नोंदवहीत ते पान आहे: ‘हजर 29. तीन परदेशी गाईड्स भेटल्या. डाव्या हाताने हस्तांदोलन. परत येताना बस चुकली.’ बस चुकल्यामुळे घरोघरी काय झालं, ते वहीत नाही. माझे बाबा नाक्यावर सायकल घेऊन उभे होते.

मग आपलं पथक थांबलं का? माझं उत्तर असं की आपल्याकडे ही चळवळ जवळजवळ पूर्णपणे शाळेच्या अंगाखांद्यावर वाढली. मुलं आयती मिळतात, मैदान मिळतं, हा त्याचा मोठा फायदा. पण पथक मग एका शिक्षकाच्या तासिकांमध्ये मावतं. त्या शिक्षकाला हौस असेल तर पथक फुलतं. नसेल तर गणवेशातला एक फोटो आणि ‘खरी कमाई’चा भेळेचा स्टॉल, एवढंच उरतं. आणि निवृत्तीच्या वयाला काही इलाज नाही. बेकर, वाजपेयी, बोस यांच्यापैकी कुणाचंही हे नोकरीचं काम नव्हतं. आपल्याकडे मात्र पालकांतून, माजी विद्यार्थ्यांतून कुणी पुढे यावं ही वाट मळलीच नाही. यात शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. वीस वर्षं या गावात राहून मी तरी कुठे चौकशीला गेले होते?

दाखला राहिला बाजूला. मी मुख्याध्यापकांना भेटले. गाईड कॅप्टन होण्यासाठी सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स करावा लागतो. तो मी दिवाळीच्या सुट्टीत केला. सगळ्या शिक्षिकांमध्ये मी एकटीच आयटीवाली. रिव्हर्स इंजिनिअरिंग करणाऱ्या बाईला शीट बेंड तिसऱ्या दिवसापर्यंत जमेना, यावर शिबिराची चांगली करमणूक झाली. जानेवारी 2020 मध्ये 14 मुलींवर पथक उभं राहिलं आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. वहीत पुन्हा कोरी पानं. पण आता ती मोजून सोडलेली होती आणि दोन वर्षांनी त्यांच्यापुढून लिहायला सुरुवात केली.

आजच्या मुली वेगळ्या आहेत. आमच्या वेळी बहुतेकांचे वडील सायकलने जाण्याच्या अंतरावर कामाला. आता निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी चाकणला. कंपनीची बस पहाटे पाचला नाक्यावर येते. सेकंड शिफ्टची माणसं मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचतात. शिबिराच्या संमतिपत्रावर सही हवी असेल तर वडील थर्ड शिफ्ट करून झोपलेले असतात आणि आई प्रेस शॉपमध्ये उभी असते. कुणी लातूर-बीडकडच्या, कुणी बिहार-ओडिशातून आलेल्या. शेकोटीला मराठी, हिंदी, भोजपुरी सगळं चालतं. शनिवारची वेळ आम्ही चारची साडेपाच केली, कारण तोपर्यंत धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी आलेलं असतं. हा बदल माझ्या डोक्यातून आला नाही. चार संघनायिकांनी आपल्या बैठकीत ठरवला आणि मला सांगितला.

यंदा पथकात 26 मुली आहेत. मला एकदा वाटायचं, बाईंसारखं पंधरा वर्षं एकटीने ओढत न्यायचं. आता वाटत नाही. दोन पालक आणि आपल्याच 2011च्या बॅचची एक मुलगी बेसिक कोर्सला जाऊन आल्या आहेत. माझ्या नोकरीचं बंगळुरूला जायचं घाटतंय आणि ते टळेलच असं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाईंना भेटायला गेले. ऐकू कमी येतं, पण वही हातात घेतल्यावर त्यांनी चष्मा बदलला आणि 1984पासून एकेक पान उलटत गेल्या. मधल्या कोऱ्या पानांपाशी थांबल्या, काही बोलल्या नाहीत. मग शेवटची नोंद वाचून हसायला लागल्या. ती मागच्या शनिवारची होती, आठवीतल्या संघनायिकेच्या अक्षरात: ‘हजर 24. कॅप्टन ताई आल्या नाहीत, ऑफिसची मीटिंग होती. ध्वज वेळेवर लावला. दोरी गुंतली होती, ती सोडवली. बोलाईन सगळ्यांना आली. पाऊस होता.’