आबाजींच्या मुठीतल्या दोन गोळ्या

आरमोरीला घरी गेलो की एक दृश्य ठरलेलं. जेवण झालं की आमचे आबाजी बीपीची गोळी आणि गुग्गुळाची गोळी एकाच मुठीत घेतात. म्हणतात, "पोटात जाऊन सारं एकच होते ना!"

मित्रांनो, हे खरं आहे का? थोडा इतिहास बघू.

गुग्गुळ म्हणजे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातल्या एका झुडपाचा डिंक. सुश्रुतसंहितेत तो मेदोरोगावर सांगितलाय. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. सशांवरच्या प्रयोगात गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरलेलं त्यांना दिसलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्याचा अर्क, म्हणजे गुग्गुलिपिड, तयार केला. तोवर सगळ्यांचा प्रश्न एकच होता: कोलेस्टेरॉल कमी होतं का?

1994 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या गटाने वेगळा प्रश्न विचारला. गुग्गुलिपिडसोबत दुसरं औषध घेतलं तर त्या औषधाचं काय होतं? निरोगी स्वयंसेवकांना प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही बीपी-हृदयाची औषधं दिली, सोबत गुग्गुलिपिडचा 1 ग्रॅमचा एकच डोस. दोन्ही औषधं रक्तात कमी पोहोचली.

आता घाई करू नका. माणसं निरोगी होती, डोस एकच होता. यातून रुग्णाचं बीपी वाढतं असं सिद्ध होत नाही. शंका मात्र रास्त ठरते.

असाच प्रश्न अन्नाबाबतही आहे. कोलेस्टिरामाइन हे जुनं औषध आतड्यातच राहून पित्ताम्लं धरून ठेवतं. नवी पित्ताम्लं बनवायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून रक्तातलं उतरतं. पण तेलातुपात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायलाही हेच पित्त लागतं. म्हणजे गुण आणि दोष एकाच कामातून येतात. आज सर्रास दिली जाणारी स्टॅटिन औषधं यकृतात काम करतात, ती पित्त असं बांधत नाहीत. म्हणून "कोलेस्टेरॉलची औषधं अन्नाचं सत्त्व मारतात" असं सरसकट म्हणणं चूक.

आणखी एक वळण. 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उलट थोडं वाढलं! फायदाच वादात सापडला, पण केईएमचा प्रश्न तसाच उभा राहिला.

तुम्ही प्रबंधाचा आराखडा लिहाल तेव्हा "हे काम करतं का?" याच्याखाली आणखी एक ओळ लिहा: "हे घेणारा माणूस सोबत काय घेतो, काय खातो?"

आबाजींना मी एवढंच सांगितलं, "बीपीची गोळी बंद करू नका. पण दोन्ही डब्या डॉक्टरांना दाखवा." केसपेपर पाहिला तर त्यात गुग्गुळ नव्हताच. आबाजी म्हणाले, "ते काय औषध आहे का? कोणी विचारलंच नाही."