ज्वारी आपल्या ताटातून कशी गेली

यवतमाळ जिल्ह्याची ख्याती कापसाची. पण त्या कापसाच्या जोडीला शेतात ज्वारी आणि तूर असेच. कापूस विकायचा, ज्वारी खायची, कडबा बैलांना घालायचा, असा तो हिशेब होता. भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे जेवण साधे खरे, परंतु आज मधुमेह्याला डॉक्टर सांगतात ते पथ्य याहून फारसे निराळे नाही. अर्थात ते सर्वांना पोटभर मिळे असे समजू नये. कण्यांवर दिवस काढणारी घरे पुष्कळ होती.

१९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला आणि परदेशी गहू रेशनवर येऊ लागला. पुढे १९६४ साली सी.एस.एच.-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांनी संकरित बियाण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. उत्पन्न वाढले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण हे पीक लवकर पिके, कणीस पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. 'हायब्रीड'ची भाकर घरोघर नाक मुरडून खाल्ली गेली. ताटे बुटकी, म्हणून कडबाही थोडा. १९७२ च्या दुष्काळात तर अमेरिकेची लाल मिलो खावी लागली. त्यानंतर सोयाबीन आले, बैल कमी झाले, आणि ज्वारी पेरण्याचे कारणच उरले नाही.

आम्हां बायकांचाही यात वाटा आहे. भाकर थापायला हात लागतो, ती गरमच हवी. पोळी डब्यात टिकते. दिवसभर कामावर जाणाऱ्या बाईने पोळी निवडली तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०११ सालच्या पाहणीत महाराष्ट्रातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. २०२३ च्या अहवालात देशभरातील प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी माणसे. हे सारे एका गव्हामुळे झाले नाही. सडलेला तांदूळ, साखर, तेल आणि बैठे काम यांचाही हात आहे. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने वृद्धापकाळच्या स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे सांगितली, त्यांत मधुमेह आणि रक्तदाब ही दोन्ही आहेत.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे म्हणून पाळले. तेव्हापासून ज्वारी 'श्रीअन्न' या नावाने सुंदर पिशवीत मिळते, आणि रेशनच्या गव्हाहून ती कितीतरी महाग पडते.