सुईण व परिचारिका : खानदेशातील एका वृत्तीचा इतिहास

परिचर्या ही उत्तरायुष्यातील वृत्ती होऊ शकते, ही कल्पना नवी नव्हे. १९०६ साली विभागलेल्या पूर्व व पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव-धुळ्याकडील खेड्यांत सुईण बहुधा स्वतःची बाळंतपणे आटोपलेली प्रौढ स्त्री असे. अनुभव हीच तिची पदवी. संस्कृतात 'परिचारिका' म्हणजे दासी. त्या शब्दाला प्रतिष्ठा आणण्याच्या कामी १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाचा मोठा वाटा आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तेथे विधवांना परिचर्येचे शिक्षण मिळाले. १९४७ च्या कायद्याने शिक्षणाचे मान एकरूप केले. परंतु प्रसूतीचा निर्णय रुग्णालयात वैद्याकडे गेला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत परिचारिकेस १८ महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर सामान्य प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर हाताळता यावी, असे योजिले आहे. सुईणीचा गमावलेला अधिकार शिक्षणाच्या वाटेने परत देण्याचा हा यत्न होय.